पाटीलबाबा : महत्त्वाकांक्षी की संधिसाधू?

गेल्या सत्र-परीक्षेत महादजी शिंदे यांच्यावर टीप लिहावयाची होती. मी पहिल्या परिच्छेदात त्यांना 'महत्त्वाकांक्षी' म्हटले आणि तिसऱ्या परिच्छेदात 'संधिसाधू' म्हणून मोकळा झालो. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा सरांनी या दोन्ही शब्दांखाली तांबडी रेघ ओढून समासात एक मोठे प्रश्नचिन्ह काढलेले दिसले. गुण बरे होते. पण ते प्रश्नचिन्ह काही डोक्यातून जाईना. एकाच माणसाला दोन शब्द लावताना त्या दोहोंत फरक काय, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. पुढे सुट्टीत ग्रंथालयातील पुस्तके चाळून महादजींचे चरित्र पुन्हा वाचले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नचिन्हाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुढे जाऊ पाहणाऱ्या माणसासाठी आपल्या मराठीत शब्दांची टंचाई मुळीच नाही. होतकरू, उमेदीचा, धडपड्या, जिद्दी, हिकमती, कर्तबगार ही झाली एक रांग. खटपट्या, मतलबी, धूर्त, कारस्थानी, संधिसाधू, सत्तालोलुप ही दुसरी. एवढ्याने भागले नाही तर वाक्प्रचार आहेतच. वाहत्या गंगेत हात धुणारा, आपल्या पोळीवर तूप ओढणारा, वारा पाहून पाठ फिरवणारा! गंमत अशी की, दोन्ही रांगांतली माणसे जे करतात ते पुष्कळदा एकच असते. वेळ ओळखायची आणि ती साधायची. मग कोणाला कोणत्या रांगेत उभे करायचे हे कशावरून ठरते? महादजींच्या आयुष्यात हा प्रश्न पावलोपावली उभा राहतो, म्हणून त्यांचेच चरित्र या प्रश्नाच्या उजेडात पाहू.

शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. घराणे पाटीलकीचे. महादजींचे वडील राणोजी हे पेशव्यांच्या पदरी अगदी साध्या चाकरीवर लागले. पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि धनी बाहेर येईपर्यंत झोप लागली तरी ते जोडे त्यांनी छातीशी घट्ट धरून ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानली नाही तरी तिचा अर्थ स्पष्ट आहे. हे घराणे खालून वर आले होते आणि ते सर्वांच्या लक्षात होते. पहिल्या बाजीरावांच्या काळात राणोजी माळव्यातील मोठे सरदार झाले आणि उज्जैन हे त्यांचे ठाणे बनले. १७४५ मध्ये ते वारले.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी असे हे भाऊ. महादजींच्या आईचे नाव चिमाबाई. ती राणोजींची लग्नाची बायको नव्हे, असा आक्षेप पुढे वारशाच्या वेळी घेतला गेला. म्हणजे एक तर घराणे नव्याने वर आलेले आणि त्या घराण्यातही या मुलाची जागा शेवटची. सरदारकीची वस्त्रे आपल्याला मिळतील असे स्वप्न पाहण्याचेही कारण त्यांना नव्हते.

परंतु शिंद्यांच्या घरात मरण फार स्वस्त झाले होते. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा दगाफटक्याने खून झाला. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तुकोजी कामी आले आणि जयाप्पांचे तरुण चिरंजीव जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. सहा वर्षांत घरातले बहुतेक कर्ते पुरुष संपले. महादजीही पानिपतावरच होते. पळ सुरू झाल्यावर एका अफगाण स्वाराने त्यांचा लांबवर पाठलाग केला, पायावर वार करून त्यांना खाली पाडले, अंगावरचा ऐवज लुटला आणि मेलेले समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेच्या वाटेला लावले. पायाची ती जखम जन्माची ठरली. महादजी कायमचे लंगडे झाले.

या राणेखानाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

पानिपतानंतर शिंद्यांची दौलत रिकामी पडली. तिचे दावेदार अनेक झाले. राघोबादादांचा कल केदारजी आणि मानाजी या शिंद्यांकडे होता. महादजींच्या जन्माचा आक्षेप पुढे येत होता तो याच वेळी. पेशवे माधवराव आणि त्यांचे चुलते राघोबादादा यांच्यातील तेढीत हा प्रश्न लोंबकळत राहिला. महादजींनी या काळात चाकरी सोडली नाही, मोहिमा सोडल्या नाहीत, आणि आपला दावाही सोडला नाही. अखेर १७६८ मध्ये माधवरावांनी सरदारकी त्यांच्या नावे कायम केली. सात वर्षे लागली.

या सात वर्षांतल्या महादजींना कोणता शब्द द्यावा? मला वाटते, त्यासाठी एक फार जुना शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे 'उमेदवार'. आज आपण निवडणुकीला उभा राहणाऱ्याला उमेदवार म्हणतो. परंतु हा फारसीतून आलेला शब्द मुळात उमेद बाळगणाऱ्या माणसाचा आहे. जुन्या काळी कचेरीत पगाराशिवाय राबणाऱ्या आणि पुढेमागे जागा मिळेल या आशेवर काम शिकणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. जागा आपली नाही, पण आपण तिला लायक आहोत हे कामाने दाखवायचे, एवढाच त्याचा अर्थ. महादजी सात वर्षे या अर्थाने उमेदवार होते.

सरदारकी मिळताच त्यांनी जी पहिली मोठी संधी साधली ती दिल्लीची. बक्सारच्या पराभवानंतर बादशहा शाहआलम इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहत होता. बादशहा नावाचाच होता. पण त्याच्या नावाला हिंदुस्थानात अजून किंमत होती आणि ते नाव इंग्रजांच्या मुठीत होते. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजींनी शाहआलमला त्याच्या राजधानीत आणून बसवले. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांत मराठ्यांनी दिल्लीच्या तख्तावर माणूस बसवला! या कामात विसाजी कृष्ण, रामचंद्र गणेश, तुकोजी होळकर असे इतर सरदारही होते. परंतु बादशहाच्या नावाचे मोल किती हे ओळखून पुढची वीस वर्षे तो धागा हातातून न सोडणारे महादजीच होते.

इथपर्यंत 'महत्त्वाकांक्षी' हा शब्द चालून जातो. अडचण येते ती पुढे.

नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव पेशवे वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि राघोबादादा पेशवे झाले. त्यांच्याविरुद्ध पुण्यात बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांना मृत्यूनंतर पुत्र झाला आणि त्या तान्ह्या मुलाच्या नावाने बारभाई कारभार पाहू लागले. आता सगळ्यांचे डोळे उत्तरेकडच्या दोन मोठ्या सरदारांकडे लागले. शिंदे आणि होळकर ज्या बाजूला जातील ती बाजू जड होणार होती. आणि या वेळी हे दोघे काय करीत होते? तळ्यात-मळ्यात! राघोबादादा माळव्याकडे आले तेव्हा त्यांना यांनी धरले नाही आणि त्यांचे राज्यही मिळवून दिले नाही. दादांशी बोलणी चालू, बारभाईंशीही बोलणी चालू. खुनाचा आरोप असलेला माणूस एका बाजूला आणि पाळण्यातले मूल दुसऱ्या बाजूला असताना महादजी पारडे कुठे झुकते ते पाहत राहिले.

या काळातल्या महादजींना 'संधिसाधू' म्हटले तर मी त्यांची बाजू घेणार नाही. एवढ्या मोठ्या अन्यायाच्या वेळी थांबून पाहणे याला दुसरा चांगला शब्द मला सापडला नाही.

मात्र पुढे त्यांनी पाऊल टाकले ते ठाम टाकले. पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगत एका तोतयाने कोकणात मोठा गोंधळ माजवला होता. १७७६ मध्ये त्याचे बंड मोडण्यात महादजींच्या फौजेचा मोठा वाटा होता. १७७८ मध्ये मोरोबादादांनी नाना फडणविसांच्या हातून कारभार काढून घेतला, तेव्हा नाना परत कारभारावर आले ते महादजींच्या बळावर. आणि जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना पुण्यात आणून बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रज फौज घाट चढून तळेगावापर्यंत आली, तेव्हा मराठ्यांनी तिची रसद तोडून तिला वडगावला असे कोंडले की इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. या विजयात महादजी अग्रभागी होते.

पण इथेही एक काटा आहे. वडगावला राघोबादादा महादजींच्या स्वाधीन झाले. त्यांना झाशीकडे नेत असताना वाटेत ते निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. महादजींनी त्यांना मुद्दामच सैल सोडले, हा संशय तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. नानांच्या हाती सगळा कारभार जाऊ नये म्हणून दादांचे प्यादे शिल्लक ठेवायचे, असा त्यामागे हिशेब असावा, असे काहींचे म्हणणे.

दादा निसटल्याचे फळ लौकरच मिळाले. इंग्रज पुन्हा उतरले. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅम नावाच्या कप्तानाने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा अजिंक्य मानलेला किल्ला घेतला. महादजींचा स्वतःचा मुलूख पेटला. पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजांशी वेगळी बोलणी केली आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला, साष्टी मात्र त्यांच्याकडे राहिली. तहाची हमी घेतली महादजींनी. म्हणजे मराठी राज्य आणि इंग्रज कंपनी यांच्यामध्ये जबाबदार माणूस म्हणून त्यांचे नाव लागले. पुण्यात नाना नाराज होते. हैदरअली इंग्रजांशी लढत होता, तो मराठ्यांचा दोस्त होता आणि त्याला बाजूला ठेवून हा तह होत होता. हैदर डिसेंबर १७८२ मध्ये वारला, त्यानंतरच नानांनी तहाला संमती दिली.

येथे मला आपल्या भाषेची एक मौज आढळली. 'संधी' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ सांधा, जोड. म्हणूनच व्याकरणात संधी आहे आणि राजनीतीत तहालाही संधीच म्हणतात. अनुकूल वेळ हा त्याचा आणखी एक अर्थ आणि आज तोच सर्वात रुळलेला. सालबाईला महादजींनी दोन्ही अर्थांनी संधी साधली. तहाने राज्याला वीस वर्षे इंग्रजांच्या युद्धापासून विसावा मिळाला, आणि त्याच तहाने महादजींना उत्तरेत हात मोकळे मिळाले. राज्याचा फायदा आणि स्वतःचा फायदा एकाच कागदावर. अशा वेळी 'संधी साधणे' हे गुणात धरायचे की दोषात? ही क्रिया मुळात निर्दोष आहे. परंतु तिच्यापासून 'संधिसाधू' हे विशेषण बनले की त्यातून दुसऱ्याचा फायदा गळून पडतो आणि फक्त स्वतःचा उरतो. मला वाटते, दोन शब्दांतला फरक इथे आहे. साधलेल्या संधीत इतर कोणाचा वाटा होता की नाही, हे पाहिले पाहिजे.

यापुढची दहा वर्षे हा महादजींच्या पराक्रमाचा काळ. त्यांनी ग्वाल्हेर परत घेतले. इंग्रजांकडून हरताना त्यांनी एक गोष्ट बारकाईने पाहिली होती, ती म्हणजे कवायती पायदळाची ताकद. मराठ्यांचा भरवसा घोड्यावर होता. महादजींनी १७८४ मध्ये बेन्वा द ब्वाञ या सव्हॉय प्रांतातून आलेल्या युरोपियनाला नोकरीस ठेवले आणि त्याच्याकडून पलटणी तयार करून घेतल्या. शिस्त, बंदुका, ठरलेला पगार. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. या पलटणींच्या तळाला आणि फौजेला मराठीत 'कंपू' म्हणत. आज आपण स्वार्थासाठी एकत्र आलेल्या टोळक्याला कंपू म्हणतो आणि 'कंपूशाही'ला नावे ठेवतो. पण महादजींच्या वेळी कंपू म्हणजे शिस्तीने उभी राहिलेली फौज होती. शब्दांचेही नशीब माणसांसारखेच फिरते!

डिसेंबर १७८४ मध्ये बादशहाने 'वकील-इ-मुतलक' हे पद दिले. हे पद म्हणजे बादशहाचा मुख्य मुखत्यार, वजीर आणि सेनापती दोघांच्याही वरचा. महादजींना हवे असते तर ते पद आपल्या एकट्याच्या नावावर घेणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते पेशव्यांच्या नावाने घेतले आणि स्वतः पेशव्यांचे नायब राहिले. कामकाज अर्थातच सगळे यांच्याच हातात. टीकाकार म्हणतात, ही नुसती देखल्या देवा दंडवताची तऱ्हा होती. असेल. परंतु त्या काळी कित्येक सुभेदारांनी नाममात्र धनीपणही झुगारून दिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे नावालाही किंमत आहे हे पटते.

वर चढणाऱ्याची खरी परीक्षा पडल्यावर होते. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत जयपूर आणि जोधपूरच्या राजपुतांशी गाठ पडली आणि ऐन वेळी महादजींच्या बाजूची बादशाही फौज शत्रूला जाऊन मिळाली. महादजींना माघार घ्यावी लागली. दिल्ली हातची गेली. चंबळेच्या अलीकडे येऊन त्यांना पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव करावी लागली. या मधल्या काळात रोहिला सरदार गुलाम कादिर दिल्लीत घुसला. त्याने शाहआलमला तख्तावरून काढले, राजवाडा लुटला आणि ऑगस्ट १७८८ मध्ये त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. ज्याच्या नावाला किंमत होती तो माणूस आता आंधळा आणि कफल्लक झाला होता. केवळ संधी पाहणाऱ्याने या वेळी नवा बादशहा शोधला असता. महादजींनी फौज पाठवून ऑक्टोबर १७८८ मध्ये दिल्ली सोडवली, आंधळ्या शाहआलमलाच पुन्हा तख्तावर बसवले आणि गुलाम कादिरला पकडून मार्च १७८९ मध्ये मृत्यूची शिक्षा दिली.

दिल्ली सोडवणाऱ्या त्या फौजेचा सेनापती कोण होता? राणेखान! पानिपतावरून महादजींना बैलावर घालून आणणारा भिस्ती. महादजींनी त्याला भाऊ मानले होते आणि सगळा लष्कर त्याला राणेखानभाई म्हणत असे. उपकाराची फेड म्हणून त्याला एखादे गाव इनाम देऊन मोकळे होता आले असते. महादजींनी त्याला जहागीर तर दिलीच, पण सरदारही केले, मोठ्या फौजा त्याच्या हाती दिल्या आणि त्याने त्या विश्वासाचे चीज केले. स्वतः वर चढताना ज्याने खालच्या एका माणसाला हात दिला आणि त्याला आपल्या शेजारी आणून बसवले, त्याला मी तरी मतलबी म्हणणार नाही.

जून १७९० मध्ये पाटण आणि सप्टेंबर १७९० मध्ये मेडता अशा दोन लढायांत महादजींच्या कंपूंनी राजपुतांचा आणि त्यांच्या साथीदारांचा पराभव केला. लालसोटचे उट्टे निघाले. सतलजेपासून नर्मदेपर्यंत त्यांचा शब्द चालू लागला. आणि अशा वैभवाच्या शिखरावर असताना, जून १७९२ मध्ये, ते पुण्याला आले.

पुण्यात तेव्हा सवाई माधवराव अठरा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणविसांच्या मुठीत होता. बादशहाने दिलेल्या वस्त्रांचा आणि फर्मानांचा समारंभ मोठ्या थाटाचा झाला. पण लोकांच्या आठवणीत राहिला तो दुसराच प्रसंग. असे सांगतात की, महादजी हत्तीवरून लांबच उतरले, दरबारात सर्व मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले आणि पेशवे आले तेव्हा काखेतल्या बासनातून नव्या जोड्यांची जोडी काढून त्यांनी ती पेशव्यांपुढे ठेवली. पेशव्यांचे जुने जोडे स्वतः उचलून घेतले. आपल्या वडिलांचे हेच काम होते, तेच आपले, आपण पाटील आहोत, असा त्यांच्या वागण्याचा आणि बोलण्याचा आशय होता. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या नावाने कापत होता तो माणूस 'पाटील' म्हणवून घेत होता. लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत.

इंग्रज इतिहासकारांनी या नम्रतेला बहुधा ढोंगच म्हटले आहे. पुण्यातल्या मुत्सद्द्यांनाही ते तसेच वाटले असणार. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो होतो. त्यात डावपेच नव्हता असे नाही. कोवळ्या पेशव्यांचे मन जिंकायचे आणि नानांचे महत्त्व कमी करायचे, हा हेतू उघड दिसतो. परंतु दुसऱ्यांदा वाचताना एक विचार मनात आला. खालून वर आलेल्या माणसाला त्याचे खालचेपण लोक विसरू देत नाहीत. महादजींच्या वडिलांनी जोडे उचलले, ही गोष्ट पुण्यात कुजबुजीने सांगितली जात असलीच पाहिजे. महादजींनी ती स्वतःच भर दरबारात सांगून टाकली. दुसऱ्याच्या हातचे हत्यार काढून घेण्याचा यापेक्षा चांगला मार्ग कोणता? तो डाव होता आणि ती निष्ठाही होती. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

या ठिकाणी एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. नाना फडणविसांनीही आयुष्यभर डावपेच केले, माणसे जोडली आणि तोडली, सत्ता हातातून जाऊ दिली नाही. राज्य सांभाळण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या डावपेचांना आपण 'मुत्सद्देगिरी' म्हणतो. तसेच डावपेच महादजींनी केले की आपल्या तोंडी 'धूर्तपणा' येतो. नानांचे घराणे फडावरचे, लेखणीचे. महादजींचे नांगराचे आणि तलवारीचे. त्या काळची बहुतेक पत्रे आणि बखरी लेखणीवाल्यांनी लिहिल्या, आणि विशेषणे वाटण्याचे काम त्यांच्याकडेच होते. कोणी कपटाने शब्द बदलले असे मला म्हणायचे नाही. परंतु जो आधीपासून वर बसलेला आहे त्याची हालचाल आपल्याला कर्तृत्व वाटते आणि जो खालून येतो त्याची तीच हालचाल हाव वाटते, ही सवय आपल्या सर्वांच्याच जिभेला आहे.

महादजींचा दोषही सांगितला पाहिजे. पुण्यात ते पावणेदोन वर्षे राहिले. त्या काळात उत्तरेत शिंदे आणि होळकर या दोन मराठी फौजाच एकमेकींवर चालून गेल्या आणि १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत द ब्वाञने होळकरांचे सैन्य मोडले. ज्या दोन घराण्यांनी मिळून उत्तर जिंकली त्यांच्यात कायमचे वैर पडले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस तापाच्या आजाराने महादजी वारले. पोटी मुलगा नव्हता. नात्यातला दौलतराव हा पोरवयाचा मुलगा गादीवर आला. आणि १८०३ मध्ये, म्हणजे महादजींच्या मृत्यूनंतर अवघ्या नऊ वर्षांत, इंग्रजांनी अलीगड, दिल्ली, आग्रा घेतले. कंपूंमधील युरोपियन अधिकाऱ्यांपैकी कित्येक ऐन वेळी नोकरी सोडून इंग्रजांकडे गेले. महादजींनी उभे केलेले सारे त्यांच्या एकट्याच्या लंगड्या पायावर उभे होते. त्यांच्या महत्त्वाकांक्षेत राज्याचा वाटा होता, पण तिला सांभाळणारे दुसरे हात तयार करणे राहून गेले. मला तरी हा दोष त्यांच्या धूर्तपणाहून मोठा वाटतो.

वानवडीला त्यांची समाधी आहे. शिंद्यांची छत्री म्हणून ती प्रसिद्ध आहे. कृष्णभक्त असलेल्या, भक्तिपर पदे रचणाऱ्या आणि बीडच्या मन्सूरशहा या अवलियाला गुरू मानणाऱ्या या सेनानीची स्मृती तिथे आहे. पुण्याला जाणाऱ्यांनी अवश्य पाहावी.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण त्याशिवाय ते प्रश्नचिन्ह मला एवढे का बोचले हे सांगता येणार नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर जोडायच्या दाखल्यात मला 'होतकरू व गरजू विद्यार्थी' असे म्हटले आहे. त्याच आठवड्यात गावी गेलो तेव्हा पारावर बसलेल्या एका वडीलधाऱ्याने वडिलांना सुनावले की, पोराला शिंगे फुटली आहेत, आता ते तुमच्या हाती राहायचे नाही. मी काही निराळे केले नव्हते. एका सरांना भेटून पुस्तके मागितली होती, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव घातले होते, वसतिगृहात जागा मिळावी म्हणून दोन ठिकाणी खेटे घातले होते. दाखल्यात ती उमेद होती, पारावर तीच शिंगे झाली. वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले की, वसतिगृहात धाकट्यालाही पुढे जागा मिळेल का.

महादजींचे चरित्र वाचताना मला वडिलांचा तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवला. पारावरच्या शब्दाला उत्तर द्यायला वाद घालावा लागत नाही. आपल्या मागून कोण वर येते आहे ते पाहावे लागते. राणेखानाकडे पाहिले की महादजींना कोणता शब्द द्यावा ते कळते, आणि १७७४ सालच्या तळ्यात-मळ्यात खेळाकडे पाहिले की कोणता शब्द लपवू नये तेही कळते. विशेषण माणसाच्या जन्माला किंवा त्याच्या चढण्याला लावू नये, त्याच्या एकेका कृतीला लावावे. तसे केले तर एकाच माणसाच्या चरित्रात दोन्ही शब्द येऊ शकतात, आणि मग ती लिहिणाऱ्याची गफलत राहत नाही.

तीच टीप आज पुन्हा लिहायची झाली तर मी दोन्ही शब्द ठेवीन. फक्त प्रत्येकापुढे साल लिहीन.